दोन्ही दारांतली मोजणी

१

तो आवाज लोखंडाचा होता. तो ऐकला तेव्हा धाकटा एवढासा होता. पलंगावर बसला की पाय जमिनीला टेकायचे नाहीत. तरीही ताईने त्याचे पाय उचलून वर घेतले होते, कारण खालून साखळी चालली होती.

मोजणीवाल्यांची साखळी होती ती. जाड कड्यांची, लांबच लांब. त्यांची रेघ सरळ जायची होती आणि वाटेत यांचं घर आलं होतं. मग काय, एकाने साखळीचं टोक एका बाजूच्या खिडकीतून आत दिलं, दुसऱ्याने ते मधल्या भिंतीच्या कडेकडेने नेलं आणि दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेरच्याच्या हाती दिलं. बाहेरचा ओढू लागला. फरशीवरून कडी सरकत गेली. खर्रर्र, आणि थांबली. खर्रर्र, आणि थांबली. घराच्या पोटात हात घालून कुणी आतडं ओढून काढतंय असं त्या पोराला वाटलं.

"गुपचूप बसा," बाबा म्हणाले. "राज्य चाललंय घरातून. वाटेत पाय घालू नका, त्याला ठेच लागेल."

ताई हसली. धाकटा हसला नाही.

घर दोनच खोल्यांचं होतं. एक रस्त्याकडची, एक ओढ्याकडची. मधे भिंत आणि भिंतीत एक दार. साखळी गेली त्या दिवसापासून रस्त्याकडची खोली अलीकडच्या राज्यात आली आणि ओढ्याकडची पलीकडच्या. गावातले लोक चिडवायचे, यांचं बरं आहे, जेवतात एका राज्यात, घोरतात दुसऱ्यात.

पुढे ते सगळे शहरात आले. घराला कुलूप लागलं ते लागलंच.

२

धाकटा आता सत्तरीच्या पुढे होता. दात गेले, केस गेले, पण नाव धाकटाच राहिलं. नाव घेणारी ताई होती ना अजून. आई लवकर गेली तेव्हा या पोरीने परकर खोचून त्याला वाढवलं, आणि त्याला वाढवता वाढवता स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं.

तो वेताच्या खुर्च्या विणायचा. घराच्या पुढच्या खोलीत, रस्त्याकडे तोंड करून. डोक्यावर आढ्याला खुर्च्यांचे सांगाडे टांगलेले, पायाशी पाण्याच्या टोपात वेत भिजत घातलेला. समोर रस्त्यापलीकडे सरकारी शुश्रूषागृह. त्याच्या खिडक्या बसल्या जागेवरून दिसायच्या.

ताईला विसर पडू लागला होता. आधी चष्मा, मग दिवस, मग रस्ता. एकदा तिने गॅस चालू ठेवला आणि शेजारणीकडे जाऊन बसली. एकदा ती बसच्या डेपोत सापडली, हातात रिकामी पिशवी घेऊन. "कुठं निघाली होतीस?" विचारलं तर म्हणाली, "घरी." सून कामावर जायची, मुलगा परगावी. धाकटा तरी किती डोळ्यांत तेल घालून बसणार? वेताच्या भोकांकडे बघायचं की ताईकडे?

म्हणून सुनेने शुश्रूषागृहात विचारलं. खाट होती. तीही रस्त्याकडच्या खिडकीजवळची. धाकट्याच्या मनात चित्र उभं राहिलं. तो इथे विणत बसलाय आणि समोर खिडकीत ताई. मान वर केली की दिसतेय. त्याहून जास्त त्याला काही नको होतं.

पण तिथल्या मोठ्या नर्सबाई म्हणाल्या, "आजोबा, खाट मी महिनाअखेरपर्यंत धरून ठेवते. मात्र आजींचा जन्म आपल्या राज्यातला असल्याचं दाखवावं लागेल."

"आणि नसला तर?"

"तर त्यांना त्यांच्या राज्यात पाठवावं लागतं. तिकडेही असं गृह आहे. चांगलं आहे म्हणतात."

"त्यांचं राज्य म्हणजे?"

"जिथं जन्मल्या ते."

ते गृह डोंगरापलीकडे होतं. जायला एक दिवस, यायला एक दिवस. आणि ताईला सकाळी पाहिलेला माणूस संध्याकाळी आठवायचा नाही. महिन्यातून एकदा जाऊन धाकटा तिला कोण वाटणार होता?

इथल्या नोंदणी कचेरीतल्या कारकुनाने नकाशा उघडला आणि कपाळाला हात लावला.

"आजोबा, तुमचं गाव म्हणजे डोकेदुखी आहे. आजी जन्मल्या तेव्हा जुनं राज्य होतं. ते मोडून दोन झाली. मग रेघ एकदा तिकडे सरकली, एकदा इकडे. सगळी दप्तरं पलीकडच्यांनी नेली. तुम्ही पलीकडे जा."

"गाव तर जागचं हललं नाही साहेब."

"गाव कशाला हलेल? रेघ हलली की पुरे."

तो बाहेर आला तेव्हा सून पायरीवर उभी होती. "काय म्हणाले?"

"म्हणाले, घोडं तिकडं आहे, लगाम इकडं आहे. तू मधे बस."

"मग बसा," सून म्हणाली. "तुम्हाला नाहीतरी चैन पडत नाही एका जागी."

३

पलीकडची कचेरी लहानशा गावात होती. बाहेर सायकली, आत लांब बाक, जुन्या कागदाचा नाकाला झोंबणारा वास. जाळीच्या खिडकीमागे चष्मेवाली बाई संत्रं सोलत बसली होती. धाकटा समोर उभा राहिला तशी ती हसली.

"या आजोबा. परत आलात? आज आजी नाही आल्या?"

धाकट्याने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"मी पहिल्यांदाच येतोय बाई."

"असं का?" तिला ती थट्टा वाटली. "बरं, पहिल्यांदा आलात. आजींची तब्येत कशी आहे ते सांगा. त्या दिवशी फार दम लागत होता त्यांना. डॉक्टरला दाखवा म्हटलं होतं मी, दाखवलं का?"

माणूस माणसासारखा असतो, धाकट्याने मनाची समजूत घातली. म्हातारे तर सगळे एका साच्यातले. कुणी दुसरा म्हातारा आपल्या बहिणीला घेऊन आला असेल.

"तुमची चूक होतेय, बाई. माझ्या ताईला दमबिम नाही. विसर पडतो, एवढंच."

"आणि ही खुर्ची पण तुम्ही विणली नाही म्हणा आता." बाई उठली आणि बसली होती ती खुर्ची तिने खिडकीच्या बाजूच्या दारातून बाहेर ढकलली. "वाट बघत बसलात तेवढ्यात दुरुस्त करून दिलीत. पिशवीत वेत घेऊन फिरणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. सगळ्या कचेरीला दाखवली मी."

खुर्ची बघून गप्प बसणं धाकट्याला जमत नसे. हात आपोआप गेले. त्याने ती उलटी केली.

प्रत्येक विणणाऱ्याची शेवटची गाठ वेगळी असते. ती खाली लपवायची असते, गिऱ्हाईक कधी बघत नाही. धाकट्याच्या उजव्या हाताची तर्जनी लहानपणी दारात चेमटून पेरभर गेली होती. त्यामुळे इतरांसारखी गाठ त्याला बसायची नाही. त्याने आपली एक आडवी गाठ काढली होती, अंगठ्याने दाबून मधल्या बोटाने ओढायची. दुसरं कुणी तशी मारत नव्हतं, कारण दुसऱ्या कुणाला तशी मारायची गरज नव्हती.

खुर्चीखाली तीच गाठ होती.

विकली गेली असेल आपल्याकडची एखादी. खुर्च्या गावोगाव फिरतात. त्याने वेतावरून अंगठा फिरवला. वेत अजून पुरता सुकलाही नव्हता. आत ओल होती.

"आजोबा? बसता का जरा? पाणी देऊ?"

"नको," तो म्हणाला. "ताईच्या जन्माचं बघा."

बाईने बघितलं. तिच्या सांगण्यात काही गूढ नव्हतं, साधा सरकारी घोळ होता. जुन्या राज्याने घर लिहिलं होतं, खोली लिहिली नव्हती. तेव्हा खोली कशाला लिहील कुणी? पण आता रेघ घरातून गेली असल्यामुळे जन्म कुठल्या खोलीत झाला त्यावर राज्य ठरायचं. अशा घरांसाठी नियम होता. ज्याचा जन्म त्याने स्वतः घरात जायचं, गावच्या कारभाऱ्यासमोर खोलीकडे बोट दाखवायचं आणि कारभाऱ्याने सही करायची.

"तुम्हाला काय, सोपं आहे," बाई म्हणाली. "राहताच तिथं. आजींना पलंगावरून उठायचीही गरज नाही."

"आम्ही राहत नाही तिथं. मी पोरगा होतो तेव्हापासून बंद आहे ते घर."

तिने संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि त्याच्याकडे मायेने पाहिलं, विसरभोळ्या माणसाकडे बघतात तसं. ते बघणं धाकट्याच्या ओळखीचं होतं. तो स्वतः ताईकडे असंच बघायचा.

"बरं, बंद तर बंद. पण छपराची गळती काढून घ्या हो. त्या दिवशी दोनदा म्हणालात."

४

घरी आल्यावर त्याने सुनेला नियम तेवढा सांगितला. खुर्चीचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बाबा, खाट एक आहे, दोघांत कोण जायचं ते ठरवा. आणि तिचं काही चुकलं नसतं.

पण हातून काम होईना. वेत भोकातून ओढायचा आणि मधेच थांबायचा. उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा. रस्त्यावरून कुणी म्हातारा चालला की त्याचं तोंड दिसेपर्यंत बघत राहायचा.

"पायाला भिंगरी लागलीये का?" ताई आतून म्हणाली.

तो तिच्याजवळ जाऊन बसला. आज तिची नजर स्वच्छ होती. असे दिवस यायचे मधूनमधून, पावसाळ्यात ऊन पडावं तसे.

"ताई, आपल्या गावच्या घरात तू कुठल्या खोलीत जन्मलीस गं? बाबा काही म्हणायचे?"

"मोजणीवाल्यांना का सांगायचंय?"

"हो. तसंच समज."

"मग कुठलंही सांग. बाबांनी काय केलं होतं? दोन्हीकडे सांगितलं." ती खुदकन हसली. "तुला आठवत नाही? तू लहान होतास. साखळी गेली आणि मागनं सरकारी लोक माणसं मोजायला आले. सकाळी या राज्याचे आले, रस्त्याकडच्या दाराशी. आपण सगळे रांगेत उभे. बाबांनी एकेकाचं नाव सांगितलं. ते गेले. दुपारी त्या राज्याचे आले. ते ओढ्याकडून. तिकडं दार कुठं होतं? बाबांनी आदल्या आठवड्यात भिंत फोडून दार पाडलं होतं, तेवढ्यासाठी. मला म्हणाले, पोराला घे आणि आतून पळ, त्या दारात उभी राहा."

धाकट्याला आठवलं. ताईच्या कडेवर बसून मधलं दार ओलांडलेलं. ओल्या मातीचा वास. नव्या दाराच्या चौकटीत उभा एक टोपीवाला.

"कशाला पण?"

"उद्या रेघ परत हलली तर घर जायला नको म्हणून. दोन्हीकडे आपली माणसं असलेली बरी, म्हणाले. मी म्हटलं, बाबा, सकाळी तर मोजलं आपल्याला. तर म्हणाले, मोजू दे परत. मोजल्यानं माणूस झिजत नाही."

ती चादरीची किनार बोटांनी चाचपत राहिली.

"झिजत नाही," ती म्हणाली. "पण मग तिकडं कुणीतरी राहायला लागतं ना."

"काय?"

"तिकडची बरी नाहीये रे. छातीत घरघरतंय तिच्या. आणि तो तर काय, तुझ्यासारखाच. त्याला एक पेला विसळता येत नाही."

"कोण तो? ताई, कोण बरी नाहीये?"

पण ऊन गेलं होतं. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही पाणी प्यालात का?" तो परका झाला की ती त्याला अहो-जाहो करायची.

विसरलेल्या डोक्यात काहीही येतं, धाकट्याने स्वतःला बजावलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं. पण चष्मेवालीने दम म्हटलं होतं आणि ताईने घरघर म्हटलं. आणि त्याने ताईला त्या कचेरीतलं अवाक्षर सांगितलेलं नव्हतं.

नियमच नसता तर तो त्या गावाकडे फिरकला नसता. पण महिनाअखेर जवळ येत होती. ती खिडकीतली खाट दुसऱ्या कुणाला गेली असती आणि ताई डोंगरापलीकडे.

५

ते दोघं सकाळच्या बसने निघाले. बसमध्ये त्याने तिला शिकवलं.

"ताई, तिथं एक माणूस विचारेल, तू कुठं जन्मलीस. तू म्हणायचं, या खोलीत. आणि खाली बोट दाखवायचं."

"या खोलीत," ताई म्हणाली आणि बसच्या खाली बोट दाखवलं.

"शाब्बास. इथं नाही, तिथं."

"तिथं गेल्यावर इथंच म्हणायचं ना?"

"हो."

"मग बरोबरच आहे की."

पुढच्या बाकावरचा माणूस हसला. धाकटाही हसला. तेवढ्यापुरतं सगळं साधं वाटलं. खोली पंधरा पावलांची, एक बोट, एक सही, परतीची बस. खोटं बोलायचं म्हटलं तर खोटं, पण खरं काय ते आता कोण सांगणार होतं? सांगणारी माणसं केव्हाच गेली होती.

कारभारी स्कूटरला टेकून थांब्यावर उभा होता. पन्नाशीचा, पोट सुटलेला, बगलेत कागदांची पिशवी. धाकट्याला बघून त्याने हात केला. "अहो, बसने कुठून आलात? कचेरीतून निरोप आला तेव्हा मी म्हटलं घरीच असाल, तिकडंच निघालो होतो." मग त्याला मागून उतरणारी ताई दिसली आणि त्याचा हात तसाच हवेत राहिला.

"आजी," तो म्हणाला. "आजी, बऱ्या झालात?"

"आजारी कुठं होती ती?" धाकटा म्हणाला. आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"नाही, नाही. काहीतरी कानावर आलं होतं. गावात काय, राईचा पर्वत करतात."

"काय आलं होतं कानावर?"

"जाऊ द्या हो. उभ्या आहेत ना समोर. झालं तर."

पण तो त्यांच्या बरोबरीने चालला नाही. स्कूटर हाताने ढकलत मागून येत राहिला, आणि धाकट्याने मागे पाहिलं की त्याची नजर ताईच्या पायांवर असायची. पाय जमिनीला लागतात का ते बघितल्यासारखी.

ताई मात्र भराभर चालत होती. शहरात तिला कोपऱ्यावरचं दुकान सापडत नसे. इथे वळणावर तिने धाकट्याला विचारलंही नाही.

घर लहान झालं होतं. रस्त्याकडच्या दाराचं कुलूप गंजून लाल झालं होतं. धाकट्याने बरोबर तेल आणलं होतं. किल्ली फिरली. आत धूळ, जाळी, पलंगाचा सांगाडा. धुळीत एकाही पावलाचा ठसा नव्हता. त्याला हायसं वाटलं. बघा, बंद आहे घर. चष्मेवालीला इथे आणून दाखवायला हवं.

मग त्याची नजर मधल्या दाराकडे गेली.

दार लोटलेलं होतं. त्याच्या उंबऱ्यावर धूळ नव्हती. बिजागऱ्यांना तेल होतं, त्याने आत्ताच कुलपात घातलं तसलंच. आणि फटीतून एक वास येत होता. जन्मभर नाकात बसलेला, त्यामुळे आधी त्याला तो स्वतःच्याच कपड्यांचा वाटला. भिजलेल्या वेताचा वास.

"मी इथनंच लिहितो," कारभारी दाराबाहेरून म्हणाला. त्याने एक पाऊलही आत टाकलं नाही.

६

धाकट्याने पलंगाच्या फळीवरची धूळ रुमालाने झटकली आणि ताईला बसवलं. तिचा हात त्याने आपल्या हातातच ठेवला. बाहेर दुपार होती, कुठेतरी कुणी पंपाने सायकलीत हवा भरत होतं. इतकी साधी दुपार.

"आजी," कारभारी म्हणाला, "तुमचा जन्म कुठल्या खोलीत झाला? नुसतं बोट दाखवा."

"सांग ताई," धाकटा म्हणाला. "बसमध्ये म्हणाली होतीस तसं."

ताईने बोट उचललं. ते खाली जमिनीकडे वळत होतं. कारभाऱ्याने पेनाचं टोपण काढलं. आणखी एका श्वासाचं काम होतं.

तिचं बोट थांबलं.

"रडू नको रे, धाकट्या," ती म्हणाली.

"मी कुठं रडतोय, ताई?"

आणि मग त्यालाही ऐकू आलं. पलीकडच्या खोलीत कुणीतरी रडत होतं. मोठ्याने नाही. म्हातारी माणसं रडतात तसं, श्वास आत ओढताना आवाज व्हायचा आणि सोडताना काही नाही. मधेच नाक ओढल्याचा आवाज. मग परत.

कारभाऱ्याचं पेन कागदावर टेकून राहिलं होतं. शाईचा ठिपका पसरत होता.

"आत कोण आहे?" धाकट्याने विचारलं.

"मला काय विचारता?" कारभारी पुटपुटला. "घर तुमचं आहे."

कुणी भिकारी असेल. वाटसरू असेल. रिकामं घर दिसलं, ओढ्याकडच्या दाराने शिरला. विचारलं तर सांगेल. धाकटा ताईचा हात न सोडता पुढे वाकला आणि दुसऱ्या हाताने त्याने दार थोडंसं लोटलं. तेल घातलेलं दार, आवाज न करता उघडलं, वीतभर.

आत स्वच्छ होतं. एक खुर्ची उलटी ठेवलेली, अर्धी विणून सोडलेली. पाण्याच्या टोपात वेत, पाणी गढूळ झालेलं. छपरातून एका जागी उजेड येत होता. त्या उजेडात एक पलंग. चादर ताणून, कोपरे दुमडून घातलेली, ज्यावर आता कुणी झोपणार नाही अशा पलंगावर घालतात तशी. आणि पलंगाशी जमिनीवर एक म्हातारा पाठमोरा बसलेला, कपाळ पलंगाच्या काठाला टेकून. खांदे हलत होते.

धाकट्याने त्या पाठीकडे पाहिलं. त्याला ती ओळखीची वाटली नाही. पण आपली पाठ कुणी कधी पाहिलेली असते?

त्या माणसाने वळून पाहिलं असतं तर सगळा उलगडा झाला असता. धाकट्याने हाक मारायला तोंड उघडलं. मग मिटलं. त्या माणसाने वळू नये, एवढंच त्याला आता हवं होतं.

ताई उठली होती. ती त्याच्या खांद्यावरून आत बघत होती. तिची नजर स्वच्छ होती, कित्येक महिन्यांत नव्हती इतकी. तिने आतल्या पाठीकडे पाहिलं, मग वळून धाकट्याकडे पाहिलं. दोन पोरं एकाच वेळी पडली तर आई आधी कुणाला उचलायचं ते बघते, तसं.

"ताई, बस इथं," तो म्हणाला. "बोट दाखव नुसतं. मग आपण घरी जाऊ. खिडकीतली खाट आहे तुझ्यासाठी. मी समोरच असतो. ताई?"

त्याला रडायचं होतं. त्याला कळत होतं की आत्ता, या घडीला, आपल्याला रडता आलं पाहिजे, त्या आतल्यापेक्षा मोठ्याने. पण भीतीने त्याचे डोळे कोरडे पडले होते. पाण्याचा एक थेंब येईना.

ताईने दुसऱ्या हाताने त्याची बोटं एकेक करून सोडवली. हळू, झोपलेल्या मुलाच्या मुठीतून पदर सोडवावा तशी. शाल खांद्यावर सारखी केली. दार पुरतं उघडलं, उंबरा ओलांडला, आणि ती त्या रडणाऱ्या पाठीकडे चालत गेली, काही न बोलता.